सुट्या कपाची बाटली: रचना करताना कोणता भाग कोणते काम करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान कारखान्याला ७५० मिलिलिटरची, दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली बाजारात आणायची आहे. बाटलीचे अंग दुसरीकडून तयार येणार असून बूच आणि दोन सुटे कप कारखाना स्वतःच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरणाऱ्या यंत्रावर, काढणार आहे. कप आट्यांनी बसवावा की खटक्याने, दुसरा कप तळाशी लावावा की पहिल्याच्या आत ठेवावा, प्लास्टिक कोणते घ्यावे, आणि कपाच्या आतही वॉशर बसवून बाटली ‘दुहेरी सीलबंद’ करावी का, असे चार मुद्दे विचारले आहेत. मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एकदा पक्के झाले की बाकीची बरीचशी उत्तरे त्यातूनच निघतात.

गळती थांबवण्याचे काम कपाकडे अजिबात देऊ नका. ते संपूर्णपणे बुचाचे काम आहे. कपाने बुचावर आणि बाटलीच्या तोंडावर धूळ बसू द्यायची नाही, पिशवीत चेंगरल्यावर बुचाला धक्का लागू द्यायचा नाही आणि बाहेर काढल्यावर चांगला कप व्हायचे, एवढेच त्याच्याकडून मागावे. ही विभागणी जुनी आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी निर्वात भांडे तयार केले, त्यातून जर्मनीत १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ या नावाने घरगुती बाटली विकायला सुरुवात झाली, आणि त्या सुरुवातीच्या बाटल्यांतही आत कॉर्कचे बूच आणि वर धातूचा कप अशीच मांडणी होती. पुढे आतल्या काचेच्या भांड्याची जागा स्टीलने घेतली, कॉर्कच्या बुचाची जागा कळ दाबून उघडणाऱ्या झाकणाने घेतली, तरी कपाची जागा बदलली नाही. तिच्यामागे भौतिक कारण आहे, आणि ते आकड्यांतून पाहिले तर लगेच पटते.

समजा, कोणी गरम चहा कपात ओतून प्यायला, बूच लावले आणि तोच ओला, गरम कप लगेच बाटलीवर घट्ट बसवला. बूच आणि कप यांच्यामधल्या पोकळीत आता गरम, वाफेने भरलेली हवा अडकली आहे. सर्वांत वाईट परिस्थिती धरून तिचे तापमान ८० अंश सेल्सिअस मानले, तर त्या तापमानाला संपृक्त वाफेचा दाब सुमारे ४७ किलोपास्कल असतो, म्हणजे पोकळीतल्या एकूण दाबातला जवळजवळ निम्मा वाटा वाफेचा. तासाभराने हे सगळे ३० अंशांवर आले की वाफेचे पाणी होते, तिचा दाब चार-सव्वाचार किलोपास्कलवर येतो, कोरडी हवाही आकुंचन पावते, आणि आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण निम्मा उरतो. कपाचा व्यास ७० मिलिमीटर असेल तर त्याच्या सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळावर बाहेरची हवा १९० न्यूटनच्या आसपास जोराने दाबत राहते. एकोणीस-वीस किलोचे वजन कपावर ठेवल्यासारखाच हा भार आहे. प्रत्यक्षात पोकळी इतकी गरम सहसा नसते आणि आट्यांतून थोडी हवा आत शिरते, म्हणून बहुतेक वेळा कप निघतो. पण कपात चांगला वॉशर बसवलात तर हवा शिरण्याची ती वाटही बंद होईल आणि कप आवळून बसेल. मग लोक तो चमच्याच्या दांड्याने उचकटतात आणि कपाची कड चिरते. म्हणून कपात वॉशर नको. उलट आट्यांना छेदणारी, निदान दीड मिलिमीटर रुंदीची उभी खाच दोन समोरासमोरच्या ठिकाणी मुद्दाम ठेवा. त्या खाचेतून हवा खेळते, धुतल्यानंतर पाणी निथळते आणि ओला कप बाटलीवर ठेवला तरी आत कोंदट वास धरत नाही.

‘दुहेरी सीलबंद’ हे शब्द खोक्यावर छापायला चांगले वाटतात, हे मला समजते. तरीही विक्रीसाठी ते छापायचे आणि त्यासाठी कप बिघडवायचा, हा व्यवहार मला मान्य नाही. बूच नीट केले तर बाटली उलटी धरून हलवली तरी थेंब येत नाही. खोक्यावर तेवढे लिहावे. ते खरे असते आणि गिऱ्हाईक घरी गेल्यावर पहिल्यांदा तेच करून पाहते.

आता आटे की खटका. अंग स्टीलचे आणि कप प्लास्टिकचा, हे एकदा ठरले की खटक्याची बाजू कमकुवत होते. पॉलिप्रॉपिलीन (डब्या-झाकणांचे नेहमीचे प्लास्टिक) तापमानानुसार स्टीलच्या सहा-सात पट फुगते आणि आकसते. ७० मिलिमीटर व्यासाचा कप ४० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे तीन दशांश मिलिमीटरने वाढतो, स्टीलचा मात्र अर्ध्या दशांशानेही वाढत नाही. खटक्याची पकड ज्या उंचवट्यावर असते तो जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असतो. म्हणजे उन्हात तापलेल्या गाडीत कप ढिला पडतो आणि महाबळेश्वरच्या थंडीत किंवा फ्रिजमधून काढल्यावर तो इतका आवळतो की दोन्ही हातांनी ओढावा लागतो, आणि मग एकदम सुटून पडतो. आट्यांना हा फरक सोसतो, कारण त्यांची पकड उताराच्या पृष्ठभागावर असते आणि प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.४ मिलिमीटरची मोकळीक देऊनही ती टिकते.

मात्र आटे कसे, हा प्रश्न मला आटे की खटका या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो, आणि इथे आपल्याकडच्या चहाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परदेशी नमुन्यांवरून रचना उचलली जाते तेव्हा काळी कॉफी किंवा बिनदुधाचा चहा गृहीत धरलेला असतो. आपला चहा दुधाचा आणि साखरेचा. कपाच्या आतल्या बाजूने, कडेलगत तीन-चार बारीक, धारदार आटे असतील तर पिताना चहा त्यांच्यावरूनच वाहतो, प्रत्येक आट्याच्या खोबणीत दुधाचा पातळ थर राहतो, वाळतो आणि पुढच्या वेळी ओला होऊन आंबतो. घासणी त्या खोबणीच्या तळापर्यंत पोहोचत नाही. बाटलीला वास येतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाटल्यांपैकी कितीतरी वेळा बाटली स्वच्छ असते आणि वास कपाच्या आट्यांतून किंवा बुचाच्या वॉशरखालून येत असतो. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, सलग आट्यांऐवजी जॅमच्या बरणीच्या झाकणाला असतात तसे तीन आखूड, तिरके दात ठेवा. एकमेकांपासून १२० अंशांवर तीन दात असले की तृतीयांश फेऱ्यापेक्षा कमी फिरवून कप बसतो, आणि दातांमधली जागा मोकळी असल्याने तिथून बोट फिरवून कप पुसता येतो. हवेसाठी वेगळी खाच पाडण्याचीही मग गरज उरत नाही. दुसरी, हे दात कडेला लागून नकोत. कडेपासून निदान १० मिलिमीटर खाली असावेत, म्हणजे ओठाला आणि जिभेला ते लागत नाहीत. तिसरी, दाताचा छेद टोकदार न ठेवता गोलसर ठेवा, आणि त्याची खोली १ ते १.२ मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका. याचा फायदा साच्यातही होतो: गोलसर आणि उथळ दात असलेला पॉलिप्रॉपिलीनचा कप गरम असतानाच कोरवरून, म्हणजे साच्यातल्या आतल्या गाभ्यावरून, ढकलून काढता येतो, आटे उलटे फिरवून सोडवणारी महाग यंत्रणा साच्यात घालावी लागत नाही. लहान कारखान्याच्या खर्चात हा फरक मोठा असतो.

दाताच्या शेवटी एक बारीक उंचवटा द्या, म्हणजे कप पूर्ण बसल्याचे हाताला कळते आणि एसटीच्या हादऱ्यांनी तो आपोआप सैल होत नाही. कप उघडायला लागणारा पीळ एक न्यूटन-मीटरच्या आसपास असावा असे माझे मत आहे. पण आकडा हातात आला तरी नमुना साठी ओलांडलेल्या, बोटांचे सांधे दुखणाऱ्या माणसांच्या हाती द्या, तोही हात ओले असताना. रुग्णालयात थर्मास घेऊन जाणारी आणि तिथे रात्र काढणारी माणसे बहुतेक याच वयाची असतात.

एक बारकावा नकाशावर सहज सुटतो. कपाचा आतला तळ आणि बुचाचा माथा यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. ते अंतर नसेल तर कप पूर्ण आवळताना तो बुचावर टेकतो, आणि उघडताना कपाबरोबर बूचही थोडे फिरते. वापरणाऱ्याला वाटते फक्त कप निघाला. प्रत्यक्षात बूच पाव फेरा सैल झालेले असते आणि बाटली आडवी होताच गरम चहा मांडीवर येतो. साठ अंशांचे पाणीदेखील काही सेकंदांत कातडी भाजू शकते, म्हणून हे अंतर मोजताना कप आणि बूच दोन्हींची सर्वांत प्रतिकूल मापे धरून मोजा.

दुसऱ्या कपाबद्दल. तळाशी कप लावण्याची कल्पना दिसायला आकर्षक आहे, कारण बाटली वरखाली सारखी दिसते आणि दोन्ही कप पूर्ण मापाचे मिळतात. मी तिच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे मुख्य कारण पिळाच्या दिशेत आहे. वरचा आणि खालचा, दोन्ही कप नेहमीच्या उजव्या आट्यांचे असतील आणि कोणी डाव्या हाताने तळाचा कप धरून वरचा उघडायला लागले, तर त्याच हालचालीने खालचाही उघडतो. वरून पाहताना वरचा कप घड्याळाच्या उलट फिरतो आणि खालचा घड्याळाप्रमाणे; पण खालून पाहिले तर तोही उलटच फिरत असतो. मग बाटली उचलताना तळाचा कप हातात राहतो आणि बाटली घसरते. खालचे आटे डावे करून हे टाळता येते, पण डावे आटे कोणाच्याच हातात बसलेले नसतात आणि लोक चुकीच्या दिशेने जोर लावून दात मोडतात. शिवाय तळाचा कप बसच्या आणि फलाटाच्या जमिनीवर टेकलेला असतो. तोच भाग पुढे बोटांनी धरायचा, हे आपल्याकडे कोणाला रुचत नाही.

म्हणून दुसरा कप पहिल्याच्या आत ठेवा. आतला कप लहान होईल, ही अडचण खरी आहे. बाहेरच्या कपाचा आतला व्यास ६६ मिलिमीटर आणि उपयोगी उंची ६० मिलिमीटर असेल तर तो काठोकाठ भरून सुमारे २०० मिलिलिटर होतो आणि आरामात १५० मिलिलिटर चहा घेतो. आतला कप बुचाला जागा देऊन बसवायचा असल्याने बुटका होईल आणि १०० मिलिलिटरच्या आसपास घेईल. मला हे माप मुळीच अपुरे वाटत नाही. टपरीवरचा कटिंग चहा याहून कमी असतो, आणि प्रवासात एका वेळी थोडाच चहा ओतलेला बरा, कारण उरलेला बाटलीत गरम राहतो.

दोन कप एकात एक बसवताना भिंती एकमेकींना चिकटू देऊ नका. उतार कमी असलेले दोन कप भिंतीवर टेकले की पाचरीसारखे अडकतात, आणि मधे पाण्याचा थर असेल तर ओढूनही सुटत नाहीत. आतल्या कपाला बाहेरच्या बाजूने एक लहान कंगोरा द्या आणि तो बाहेरच्या कपातल्या तीन दातांवर टेकवा. भिंतींमध्ये चहूबाजूंनी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवा. मग तेच तीन दात दोन कामे करतात आणि साच्यात वेगळा भाग वाढत नाही. आतला कप फिरवल्याशिवाय सरळ बाहेर आला पाहिजे, पण बाहेरचा कप उलटा धरल्यावर तो आपोआप पडता कामा नये. त्यासाठी कंगोऱ्यावर दोन-तीन दशांश मिलिमीटरचा हलका दाब पुरतो.

कप म्हणून त्याच्याकडे पाहण्याचे काम इथून सुरू होते, आणि बहुतेक रचना इथेच उण्या पडतात. बाटलीचा माथा गोलाकार सुंदर दिसतो म्हणून कपाची बाहेरची बाजू घुमटासारखी केली जाते, आणि मग तो उलटा ठेवल्यावर डुलतो. रेल्वेच्या खिडकीजवळच्या अरुंद फळीवर चहाने भरलेला कप डुलणे परवडत नाही. कपाला किमान ४० ते ४५ मिलिमीटर व्यासाची सपाट बैठक हवी, आणि ती पूर्ण चकती नसून बाहेरच्या कडेने उंचावलेले कडे असावे. मधला भाग मिलिमीटरभर आत घेतला की साच्यात प्लास्टिक शिरते त्या बिंदूची खूणही त्या खळग्यात लपते. ही खूण बैठकीच्या वर राहिली तर अर्ध्या मिलिमीटरच्या टोकावरही कप फिरत राहतो. ती नखाने चाचपून पाहा, डोळ्यांना दिसण्याआधी नखाला लागते.

कडेचा विचारही असाच हाताने आणि ओठाने करायचा असतो. कड दीड ते दोन मिलिमीटर जाडीची आणि पूर्ण गोल असावी. साच्याच्या दोन भागांचा जोड कडेच्या माथ्यावर कधीही आणू नका. साचा थोडा झिजला की तिथे प्लास्टिकची बारीक धार निघते आणि ती थेट ओठाला लागते. जोड कडेच्या खाली, बाहेरच्या बाजूला घ्या. छपाई किंवा बोधचिन्ह कडेपासून निदान २० मिलिमीटर खाली ठेवा. चिनी मातीच्या कपांची शिसे आणि कॅडमियमसाठी तपासणी करताना कडेपासूनचा एवढाच बाहेरचा पट्टा ओठ लागणारा भाग म्हणून धरतात, आणि प्लास्टिकच्या कपालाही तोच नियम लावण्यात शहाणपण आहे.

कप स्टीलचा करावा का, असेही विचारले जाते. एकेरी भिंतीचा स्टीलचा कप चहा ओतताच बाहेरून चहाइतकाच गरम होतो, कारण स्टील प्लास्टिकच्या सत्तर-ऐंशी पट उष्णता वाहून नेते. दुहेरी भिंतीचा केला तर आतली जागा कमी होते आणि किंमत वाढते. या मापाच्या बाटलीला दोन मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा कप, बाहेरून बारीक उभ्या कंगोऱ्यांचा, मला सर्वांत योग्य वाटतो. कंगोऱ्यांमुळे बोट फक्त त्यांच्या माथ्यांना टेकते आणि चटका कमी बसतो, पकडही घट्ट राहते.

पॉलिप्रॉपिलीन घेताना साधा प्रकार घेऊ नका. शून्य अंशाच्या आसपास तो ठिसूळ होतो, आणि थंड पाण्याने भरलेली बाटली डोंगरावर पहाटे खडकावर पडली तर कप तडकतो. आघात सोसणारा कोपॉलिमर, म्हणजे दुसरा घटक जोडून चिवट केलेला, प्रकार घ्या. पारदर्शक कप हवाच असेल तर रँडम कोपॉलिमर हा पॉलिप्रॉपिलीनचाच स्वच्छ दिसणारा प्रकार, किंवा ट्रायटनसारखे कोपॉलिएस्टर हे वेगळ्या जातीचे प्लास्टिक पाहता येईल. ट्रायटन दिसायला काचेसारखे असते, पण महाग पडते, आणि ते इतके कडक असते की वर सांगितलेले दात कोरवरून ढकलून काढता येत नाहीत. पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक त्यातून पेयात उतरू शकणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनामुळे टाळावे. माल कोणताही घेतला तरी पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० या भारतीय मानकाचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून घ्या, आणि तयार कपाची आयएस ९८४५ या मानकाप्रमाणे प्लास्टिकचे अंश पेयात उतरतात का याची चाचणी करून घ्या. दाण्यांच्या पोत्यावरचे प्रमाणपत्र रंग मिसळण्याआधीचे असते. पिणाऱ्याच्या तोंडाला मात्र रंगासकट कप लागतो. साच्यातून निघालेला टाकाऊ माल दळून पुन्हा कपात मिसळू नका, तो बाटलीच्या बैठकीसारख्या ज्या भागाला तोंड लागत नाही तिथे वापरा.

रंगाचा आणखी एक परिणाम मापावर होतो, आणि तो अनुभवाशिवाय लक्षात येत नाही. पॉलिप्रॉपिलीन साच्यातून निघाल्यावर साधारण दीड ते दोन टक्के आकसते, म्हणजे ७० मिलिमीटरला एक ते दीड मिलिमीटर. काही निळी आणि हिरवी रंगद्रव्ये प्लास्टिकचे स्फटिक लवकर बनवतात आणि हे आकसणे बदलतात. पांढरा कप बाटलीवर छान बसतो आणि त्याच साच्यातला निळा कप घट्ट होतो, याचे कारण हेच. विकायचे सगळे रंग आधी ठरवा आणि प्रत्येक रंगाचे नमुने त्याच साच्यातून काढून, २४ तास ठेवून मगच मोजा.

बुचाबद्दल इथे थोडेच सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. सिलिकोनचा वॉशर बसल्यावर त्याची जाडी साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश दबली पाहिजे. तो बोटाने काढता यावा म्हणून त्याला एक लहान शेपूट द्या, आणि त्याचा छेद असा ठेवा की उलटा बसूच नये. जो वॉशर निघत नाही त्याच्याखाली काळी बुरशी धरतेच. बाटलीबरोबर एक सुटा वॉशर द्या आणि सुटे कपही दुकानात वेगळे मिळतील अशी व्यवस्था करा, कारण पाच वर्षे टिकणाऱ्या स्टीलच्या बाटलीचा कप मात्र पहिल्याच सहलीत हरवतो. दुधाचा चहा बाटलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हेही सूचनापत्रकात मराठीत आणि ठळक लिहा. कोमट झालेल्या दुधात जंतू झपाट्याने वाढतात आणि झाकणाची कोणतीही रचना ते रोखू शकत नाही.

शेवटी साच्याकडे जाण्याची पद्धत. थ्रीडी प्रिंटचा नमुना हातातला आकार, बैठक आणि कपाची क्षमता पाहण्यापुरता वापरा. दातांची पकड त्यावरून ठरवू नका, कारण त्याचा पृष्ठभाग आणि लवचिकता वेगळी असते. त्यानंतर थेट आठ कपांचा साचा न करता एकाच कपाचा साचा करा आणि त्यात दातांची पकड आधी जरा सैलच ठेवा. साच्यातले पोलाद घासून कमी करता येते, पण वाढवायचे म्हटले तर वेल्डिंग करून पुन्हा घासावे लागते आणि ती जागा कायमची दिसत राहते. कपात दाताच्या जागी साच्याच्या कोरवर खोबण असते. ती आधी उथळ ठेवली की दात बारीक निघतो, आणि पकड कमी वाटली तर खोबण थोडी खोल करता येते. उलट, कपाचा आतला व्यास कोरच्या बाहेरच्या मापावरून ठरतो, म्हणून कोर सुरुवातीला किंचित मोठा ठेवून नंतर घासून बारीक करावा. हे दोन बदल स्वतंत्रपणे, एकावेळी एक असे करा. मग गरम पाण्याने भरलेली बाटली कप लावून रात्रभर ठेवा, सकाळी कप उघडायला किती जोर लागतो ते मोजा, आणि तीच बाटली कंबरेच्या उंचीवरून कपाच्या बाजूने सिमेंटच्या फरशीवर टाका. दोन्ही चाचण्यांत तीन दात शाबूत राहिले आणि बूच हलले नाही, की आठ कपांच्या साच्याची मागणी नोंदवायला हरकत नाही.